बंद खदानीतले जीवाश्म : गोळा कसे करायचे आणि कधी हात लावायचा नाही

मागच्या बैठकीत मी टेबलावर एक दगड ठेवला होता, आठवतोय? लिंबाएवढा, पिवळसर, वरून जरा चपटा. कोणी म्हणालं सुपारी, कोणी म्हणालं वाळलेलं फळ. तो सी-अर्चिन आहे, म्हणजे समुद्राच्या तळाशी राहणारा एक काटेरी प्राणी. आणि तो मिळाला धार जिल्ह्यात, इंदूरपासून मोटारीने काही तासांवर. आज तिथून समुद्र गाठायचा तर अख्खा दिवस प्रवास करावा लागतो.

त्या दिवशी बऱ्याच जणांनी विचारलं, "आपणही जाऊ या का एकदा?" जाऊ या, जरूर. पण आधी हा पाठ वाचा. मी साहित्याची विद्यार्थिनी आहे, भूगर्भशास्त्राची नाही. इथे लिहिलंय ते आपल्या कॉलेजच्या भूगोलाच्या सरांकडून, मामांकडून आणि स्वतःच्या दोन चुकांमधून शिकलेलं आहे. आधी चुका सांगते.

माझी पहिली चूक

बारावीच्या सुट्टीत मी मनावरजवळ मामांकडे गेले होते. गावाबाहेर चुनखडीची एक जुनी खदान आहे, बरीच वर्षं बंद. संध्याकाळी फिरायला म्हणून गेले आणि मलब्याच्या ढिगाऱ्यात हा दगड सापडला. त्याच्या पाठीवर पाच पाकळ्यांचं फूल कोरल्यासारखं होतं. एवढं रेखीव की मला वाटलं, कोणीतरी हाताने कोरलंय.

घरी आल्यावर कोणीतरी सुचवलं, "व्हिनेगरमध्ये टाक, स्वच्छ निघेल." मी रात्रभर टाकून ठेवला. वाटीत बारीक बुडबुडे येत होते. मला वाटलं, मळ निघतोय. सकाळी बघते तर मळ गेला होता आणि फूलही जवळजवळ गेलं होतं. पाचातल्या दोन पाकळ्या नीट उरल्या, बाकीच्या अंदाजाने ओळखायच्या.

कारण साधं आहे. चुनखडी म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, आणि त्यातला जीवाश्मही बहुतेक वेळा त्याचाच बनलेला असतो. आम्ल लागलं की तो विरघळतो आणि कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. ते बुडबुडे मळाचे नव्हते. माझा नऊ कोटी वर्षांचा सी-अर्चिन त्या वाटीत विरघळत होता.

कॉलेजला आल्यावर मी तो सरांना दाखवला. त्यांनी उलटसुलट करून पाहिला आणि पहिला प्रश्न विचारला, "कुठल्या थरातला?"

मी म्हटलं, "मामांच्या गावाजवळच्या खदानीतला."

"खदानीत कुठे? भिंतीतला की ढिगाऱ्यातला? सोबत अजून काय होतं? फोटो?"

माझ्याकडे काहीच नव्हतं. सर रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "अगं, हे पत्ता फाडून टाकलेलं पत्र आहे. मजकूर थोडा वाचता येतोय, पण कुणी, कुठून लिहिलं ते आता कधीच कळणार नाही."

या पाठाचा अर्धा भाग त्या एका वाक्यातून आला आहे. उरलेला अर्धा दुसऱ्या चुकीतून. ती पुढे येईल.

नर्मदेच्या काठी समुद्र

आधी थोडी ओळख. जीवाश्म म्हणजे फार पूर्वीच्या जीवांचे खडकात टिकलेले अवशेष किंवा खुणा : हाडं, शिंपले, पानांचे ठसे, पावलांचे ठसे, अगदी विष्ठासुद्धा.

सुमारे नऊ कोटी वर्षांपूर्वी पश्चिमेकडून समुद्राचा एक फाटा आजच्या नर्मदेच्या खोऱ्यात आत शिरला होता. त्याच्या तळाशी साचलेल्या खडकांना बाघ गावावरून 'बाघ थर' असं नाव पडलं. खाली निमाडचा वालुकाश्म, त्यावर गोळ्यागोळ्यांची चुनखडी, त्यावर 'कोरलाइन' चुनखडी. गंमत म्हणजे या शेवटच्या खडकाच्या नावात कोरल म्हणजे प्रवाळ असलं, तरी तो मुख्यतः ब्रायोझोआ नावाच्या इवल्याशा वसाहती करणाऱ्या प्राण्यांच्या सांगाड्यांचा आहे. जुन्या लोकांनी दिलेलं नाव चुकीचं ठरलं, पण चिकटून राहिलं. भाषेत असं होतंच.

या थरांत सी-अर्चिन, शिंपले, अमोनाइट, शार्कचे दात असं बरंच काही मिळतं. समुद्र हटल्यावर त्यावर लमेटा नावाचे थर साचले. डायनोसॉरची अंडी मिळतात ती या थरांत. आणि सगळ्यात वर सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा काळा दगड, म्हणजे आपलं माळव्याचं पठार. बाघची प्रसिद्ध लेणी खालच्या वालुकाश्मात कोरलेली आहेत. म्हणजे बुद्धाच्या भिक्षूंनी ज्या भिंती रंगवल्या, त्या भिंतींचा दगड समुद्राच्याही आधीच्या गोष्टीतला.

त्याच भागात चिराखान नावाचं गाव आहे, भूगर्भशास्त्राच्या पुस्तकांत हमखास येणारं. मराठी कान असला की नाव ऐकताच 'चिरा' आणि 'खाण' असे दोन शब्द ऐकू येतात. आपल्या मंडळाने कधीतरी दगडाच्या शब्दांवर एक अंक काढावा असं मला वाटतं : चिरा, शिळा, पाथरवट, टाकी, खडी, गिट्टी, खदान. आपण इंदूरकर 'खाण'पेक्षा 'खदान' सहज म्हणतो, म्हणून मीही इथे तोच शब्द ठेवला आहे.

खदानच का? आणि बंद खदान धोक्याची का?

शेतात किंवा डोंगरावर खडक मातीखाली झाकलेला असतो. खदानीत माणसाने तो आधीच कापून ठेवलेला असतो. थर पुस्तकाच्या पानांसारखे समोर दिसतात. शिवाय नको असलेला दगड बाजूला टाकून केलेले ढिगारे असतात, आणि जीवाश्म बऱ्याचदा त्याच ढिगाऱ्यांत असतात. काही पावसाळे त्यावरून गेले की मऊ भाग धुऊन जातो आणि जीवाश्म वर येतो.

पण खदान बंद पडली की तिची काळजी घेणारं कोणी उरत नाही. चालू खदानीत निदान मुकादम असतो, सुटा दगड पाडून टाकणारे मजूर असतात. बंद खदानीत भिंत एकटीच असते.

आता माझी दुसरी चूक. मागच्या डिसेंबरमध्ये सर आणि आम्ही पाच विद्यार्थिनी त्याच खदानीत गेलो. या वेळी मालकाची लेखी परवानगी घेऊन, वही-पेन, पिशव्या, सगळं घेऊन. दुपारी ऊन चढलं. भिंतीच्या पायथ्याशी छान सावली होती. मीच मैत्रिणीला म्हटलं, "चल, तिथे डबा खाऊ." आम्ही बसलो. सर लांबून ओरडले, "उठा तिथून! आत्ताच्या आत्ता!" मैत्रीण वैतागली. मीही मनात म्हटलं, सर उगाच घाबरतात. उठलो, ढिगाऱ्याच्या पलीकडे उन्हातच बसलो. तिच्या डब्याचं झाकण तिथेच राहिलं होतं. ते आणायला ती उठणार, तेवढ्यात वरून नारळाएवढा दगड आला. झाकणावर नाही, त्याच्या हातभर बाजूला. जिथे मी बसले होते तिथे.

आवाज फक्त पडल्यावर झाला. आधी काहीही नाही.

परतीच्या वाटेवर मामांकडे चहाला थांबलो. मामांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "पोरी, दगड पडायच्या आधी हाक मारत नाही."

सरांनी नंतर कारण समजावलं. सुरुंग लावून फोडलेल्या भिंतीत दिसतात त्याहून खूप आतपर्यंत तडे गेलेले असतात. पावसाचं पाणी त्यात मुरतं, झाडांची मुळं शिरतात, दिवसाच्या उन्हात दगड प्रसरण पावतो आणि रात्री आकसतो. हे वर्षानुवर्षं चालू असतं. तो दगड कुठल्या क्षणी सुटेल हे कोणालाच सांगता येत नाही. आपल्या हातात एकच आहे, त्याच्या खाली नसणं.

जाण्याआधी

१. परवानगी. बंद खदान म्हणजे बेवारस खदान नव्हे. जमीन कोणाची तरी असतेच : खाजगी मालकाची, पंचायतीची, सरकारची किंवा वन विभागाची. लेखी परवानगी घ्या. बाघला डायनोसॉर जीवाश्मांसाठी राष्ट्रीय उद्यान आहे. तिथून किंवा कुठल्याही संरक्षित जागेतून खडासुद्धा उचलायचा नाही.

२. वेळ. नोव्हेंबर ते फेब्रुवारी सगळ्यात बरं. पावसाळ्यात आणि पाऊस पडून गेल्यावर लगेच अजिबात नाही, कारण तेव्हाच भिंती सुटतात. सकाळी लवकर पोचा, अंधार पडायच्या खूप आधी निघा.

३. सोबत. एकटं कधीच जायचं नाही. निदान तिघं असा. एकाला लागलं तर दुसरा त्याच्याजवळ थांबतो आणि तिसरा मदत आणतो. कुठे जातोय, किती वाजता परत येणार, हे घरी आणि गावात सांगून जा. खदानीच्या खोलगट भागात मोबाइलला बऱ्याचदा नेटवर्क नसतं.

४. पोशाख. हेल्मेट, जाड तळाचे बंद बूट, लांब पँट, हातमोजे, डोळ्यांना चष्मा. मोटारसायकलचं हेल्मेट चालेल का, असं मी विचारलं होतं. काहीच नसण्यापेक्षा बरं, पण त्यात नीट ऐकू येत नाही आणि वर बघता येत नाही. बांधकामावरचं साधं हेल्मेट घ्या.

५. पाणी, प्रथमोपचाराची पेटी, शिट्टी. शिट्टी विसरू नका. ओरडून घसा बसतो, शिट्टीला काही होत नाही.

तिथे गेल्यावर

भिंतीपासून लांब. सरांचा नियम असा : भिंत जितकी उंच, निदान तितकं लांब राहायचं, आणि ढिगाऱ्यांतच शोधायचं. पायथ्याशी ताजे, कडा धारदार असलेले दगड पडलेले दिसले तर समजा, ती भिंत अजून सुटतेय. वरच्या काठावरही जायचं नाही. काठाला समांतर भेगा असतात, गवतात त्या दिसत नाहीत. ढिगाऱ्यावर चढताना एकाच्या बरोबर खाली दुसऱ्याने उभं राहायचं नाही.

पाण्यात उतरायचं नाही. दरवर्षी पावसाळ्यात खदानीत बुडून मुलं गेल्याची बातमी आपण वाचतो. खदानीचं पाणी वरून शांत दिसतं, पण काठ तळ्यासारखा हळूहळू उतरत नाही, सरळ तुटतो. शेवाळलेल्या दगडावरून पाय सरकला तर धरायला काही नसतं. पोहता येणाऱ्यांनीही हा नियम मोडू नये. हात धुवायलासुद्धा बाटलीतलं पाणी वापरा.

सुरुंगाचं काही दिसलं तर हात नाही. भोकातून आलेली वायर, लहानशी धातूची नळी, काड्यांसारखं काही. ते जुनं असलं म्हणजे निकामी असतं असं नाही. तिथून सगळे मागे या आणि मालकाला, पोलिसांना सांगा.

विंचू, साप, मधमाश्या. दगड उलटताना पलीकडची कड उचला, म्हणजे फट आपल्याकडे नाही तर पलीकडे उघडते आणि खाली जे असेल ते पलीकडे पळतं. उंच भिंतींवर आग्या मोहोळ असतं. आधी वर नजर फिरवा. पोळं दिसलं तर त्या बाजूला जायचंच नाही, धूर नाही, आरडाओरडा नाही.

हातोडा. घरचा खिळे ठोकायचा हातोडा दगडासाठी नसतो, त्याचा तुकडा उडून डोळ्यात जाऊ शकतो. दगड फोडायचा वेगळा हातोडा मिळतो. एका हातोड्यावर दुसरा हातोडा कधी मारायचा नाही. आणि खरं सांगू का, नवशिक्यांना हातोडा लागतच नाही. त्या दिवशी आम्हाला जे मिळालं ते सगळं सुटं, नुसत्या डोळ्यांनी शोधलेलं होतं. फोडलेल्या दगडातून आम्ही फक्त दोन शिंपले मोडले.

जीवाश्माची सुरक्षितता

आपण सुखरूप घरी आलो, पण जीवाश्माचा पत्ता तिथेच राहिला, तर ते जाणं फुकट गेलं. म्हणून :

१. उचलण्याआधी फोटो. शेजारी पट्टी किंवा नाणं ठेवून एक जवळून, एक लांबून, मागची भिंत दिसेल असा.

२. वहीत नोंद : तारीख, जागा, मोबाइलवर दिसणारे अक्षांश-रेखांश, ढिगाऱ्यात मिळाला की थरात, शेजारी काय होतं, कोणाला सापडला. ढिगाऱ्यातला असेल तर तसंच लिहा. अंदाजाने थराचं नाव लिहू नका. चुकीचा पत्ता हा पत्ता नसण्यापेक्षा वाईट.

३. प्रत्येकाला क्रमांक. क्रमांकाची चिठ्ठी पिशवीच्या आत, आणि तोच क्रमांक पिशवीवर. जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळा, एका पिशवीत एकच.

४. स्वच्छता मऊ ब्रश आणि साध्या पाण्याने. व्हिनेगर नाही, लिंबू नाही, बाथरूम साफ करायचं ॲसिड तर नाहीच. दगड ठिसूळ वाटला तर पाणीसुद्धा नाही.

५. मोजकं घ्या. दहा सारखे सी-अर्चिन दिसले तर एक पुरे. पुढच्या वर्षीचे विद्यार्थीही येणार आहेत.

६. हाड, दात असलेला जबडा किंवा अंड्यासारखे गोल दगड एकत्र दिसले, तर काहीही हलवू नका. फोटो घ्या, जागा नोंदवा, आणि विद्यापीठाच्या भूगर्भशास्त्र विभागाला किंवा भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाला कळवा. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात नर्मदा खोऱ्यातल्या डायनोसॉरच्या ९२ घरट्यांची आणि २५६ अंड्यांची नोंद आहे. 'घरटी' मोजता आली, कारण अंडी एकमेकांजवळ जशी होती तशी जागेवर होती. कोणी ती एकेक करून घरी नेली असती तर उरले असते फक्त २५६ गोल दगड.

तीन माणसं, तीन दगड

दगड उचलणारे आपण पहिले नाही. गंडकी नदीतला शाळिग्राम हा बऱ्याचदा अमोनाइटचा जीवाश्म असतो आणि तो शतकानुशतकं देव्हाऱ्यात आहे. धार जिल्ह्यातल्याच पाडल्या गावात काही कुटुंबं गोल दगडांची 'काकड भैरव' म्हणून पूजा करत होती. ते दगड डायनोसॉरची अंडी असल्याची बातमी २०२३च्या डिसेंबरमध्ये आली. काही जण त्यावर हसले. मला हसू आलं नाही. त्या लोकांनी ते दगड पिढ्यानपिढ्या सांभाळले. मी माझा एका रात्रीत व्हिनेगरमध्ये घातला.

दुसरा माणूस नील्स स्टेन्सन, ज्याला जग स्टेनो म्हणून ओळखतं. १६६६ साली फ्लॉरेन्समध्ये त्याच्याकडे एका मोठ्या शार्कचं डोकं तपासायला आलं. त्या काळी खडकात मिळणाऱ्या त्रिकोणी दगडांना लोक 'जिभेचे दगड' म्हणत. स्टेनोने शार्कचे दात पाहिले आणि ते दगड म्हणजे दातच आहेत हे ओळखलं. १६६९च्या पुस्तकात त्याने मांडलं की थर एकावर एक साचतात, खालचा आधीचा आणि वरचा नंतरचा. सरांच्या "कुठल्या थरातला?" या प्रश्नाचं मूळ तिथे आहे. हाच स्टेनो पुढे धर्मगुरू झाला, बिशप झाला, आणि १९८८ साली पोप जॉन पॉल दुसरे यांनी त्याला धन्य घोषित केलं.

तिसरे स्टीफन हिस्लॉप, नागपूरचे स्कॉटिश मिशनरी. ज्यांच्या नावाने तिथे कॉलेज आहे, तेच. नागपूर परिसरातल्या खडकांतून त्यांनी वनस्पती, कीटक, गोगलगायी यांचे जीवाश्म जमवले आणि त्यांवर लिहिलं. १८६३च्या सप्टेंबरमध्ये टाकळघाटची शिळावर्तुळं पाहून परत येताना, पावसाने फुगलेला ओढा ओलांडताना ते बुडून गेले. इतक्या वर्षांच्या अनुभवाचा माणूस, आणि धोका दगडाचा नव्हता, परतीच्या वाटेवरच्या पाण्याचा होता. म्हणून वेळेचा आणि पाण्याचा नियम मी या पाठात दोनदा सांगितला आहे.

शेवटी

डिसेंबरमध्ये मिळालेला दुसरा सी-अर्चिन आता भूगोल विभागाच्या कपाटात आहे. क्रमांक ४. पाचही पाकळ्या शाबूत, शेजारी चिठ्ठी, त्यावर मैत्रिणीचं नाव, कारण सापडला तिला. माझा पहिला, दोन पाकळ्यांचा, माझ्या अभ्यासाच्या टेबलावर आहे. कोणी विचारलं "कुठला?" तर मी खरं सांगते, "नक्की माहीत नाही. चूक माझी."

करून पाहा

१. आपल्या घराच्या पायऱ्या, फरशी, जुनी भिंत नीट बघा. कुठला दगड आहे? त्यात शिंपल्यासारखं काही दिसतं का? यासाठी खदानीत जायची गरज नाही.

२. कुठलाही एक दगड घ्या आणि त्याची चिठ्ठी लिहा. चिठ्ठी दुसऱ्याला द्या. तो ती वाचून नेमक्या त्या जागी पोचू शकतो का?

३. घरातल्या मोठ्यांना दगडाशी संबंधित पाच शब्द विचारा आणि पुढच्या बैठकीला घेऊन या. कोणाचे आजोबा-पणजोबा पाथरवट किंवा खदानीत कामाला असतील तर त्यांच्या आठवणी आधी लिहून घ्या. त्याही पत्त्यासकट, म्हणजे कोणी, कुठे, कधी सांगितल्या ते लिहून.